फुंकरबाई आणि उजवं फुप्फुस

विज्ञान महाविद्यालयाच्या तळघरात, जिन्याखालच्या खोलीत, फुंकरबाई काचकाम करायच्या. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. पाठीमागे ठेवलेलं नाव तोंडावर यायला वेळ लागत नाही, तसं तेही आलं. बाईंनी ते मुकाट्याने मुळीच घेतलं नाही. "फुंकर आई घालते, पोराच्या गुडघ्यावर," त्या सुनवायच्या, "मी काच घडवते." पण चिकटलं ते चिकटलंच, आणि पुढे पुढे त्या स्वतःच फोन उचलून "हां, फुंकरबाई बोलतेय" म्हणू लागल्या.

काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. वरच्या मजल्यांवर विद्यार्थी जे फोडतील ते खाली येई. मान तुटलेले चंबू, चीर गेलेले, वाफ थंड करायचे कंडेन्सर, तोटी उडालेल्या नळ्या. बाई गडद चष्मा लावून बर्नरची ज्योत धारदार करत, रबरी नळीचं एक टोक काचेला जोडत, दुसरं दातांत धरत आणि दोन्ही हातांनी काच ज्योतीत एकसारखी फिरवत राहत. काच मऊ झाली की तोंडातून अगदी जराशी हवा द्यायची. जास्त गेली तर काच फुगून फुटते, कमी पडली तर सांधा आत खचतो. आजूबाजूच्या तीन महाविद्यालयांचं सामानही दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायचं, आणि त्याचं श्रेय विभागप्रमुख न चुकता स्वतःकडे घ्यायचे.

लोकांची ठाम समजूत अशी की या कामाला भात्यासारखी छाती लागते आणि कामात ती छाती झिजते. या समजुतीचा बाईंना भयंकर संताप. "काच छातीने फुंकत नाहीत, गालांनी फुंकतात," हे त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. गालांत हवा धरायची, नाकाने श्वास चालू ठेवायचा, दाब गालांनी द्यायचा. छातीला त्याचा पत्ताही लागत नाही. ऐकणारा हो हो म्हणायचा आणि जाता जाता "तब्येतीला जपा हं" असं सांगून जायचा. त्यामुळे बाईंची छाती खरोखरच बिघडली तेव्हा अख्ख्या इमारतीला आपलंच खरं झाल्याचं समाधान मिळालं. बाईंना दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

सुरुवात साध्या तापाने झाली. प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस, टेबलावर फुटक्या काचेचा ढीग, आणि बाईंनी ताप अंगावर काढला. उजव्या कुशीत श्वासागणिक कळ यायला लागली तेव्हा कुठे त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या बाईंनी ड्रॉवरमध्ये टाकल्या. इथे चूक बाईंचीच होती, हे सांगून टाकलेलं बरं. काचेची नव्हती. दोन आठवड्यांनी ताप परत आला तो हुडहुडी घेऊनच. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं आणि त्या पाण्याचा पू झाला होता. जवळच्या दवाखान्यात कुशीतून नळी घातली, नळीला पिशवी लावली, आणि आठवड्याभराने पिशवीसकट घरी पाठवलं.

ती नळी चार महिने राहिली.

चार महिन्यांत घराला आजाराची सवय झाली. बाईंचे मिस्टर एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका गुपचूप दुरुस्त केलेला माणूस, घरातही त्यांचा आवाज कधी चढला नाही. त्यांनी हातमोजे आणले, पिशवी रिकामी करायला शिकले, उशा अशा रचल्या की बाईंना पडल्या पडल्या खिडकीतून रस्ता दिसावा. संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला आणि तो खाण्याजोगा होऊही लागला. सगळं इतकं बेतशीर बसलं की पाहणाऱ्याला वाटावं, हे असंच चालायचं. बाईंना मात्र एक जिना चढताना दोनदा थांबावं लागे आणि बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागे. भांडताना वाक्य अर्धं सोडावं लागणं ही तर त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठी नामुष्की होती.

पू काही आटेना, तेव्हा त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या सर्जनबाई बुटक्या, चाळिशीच्या, आणि शब्दांच्या बाबतीत हात आखडता असलेल्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर लावला. डावं फुप्फुस काळंभोर आणि मोकळं दिसत होतं. उजवं निम्मंच होतं, आणि त्याच्याभोवती जाड पांढरी कड होती.

"हा पापुद्रा," सर्जनबाई म्हणाल्या. "पू साचून साचून तयार झालाय. चामड्यासारखा जाड. आत फुप्फुस आवळलं गेलंय. नळीतून पू येत राहील, पण फुप्फुस उघडायचं नाही."

"मग?"

"दोन रस्ते आहेत. एक, आहे तसं राहायचं. नळी काढून तिथे भोक ठेवू, रोज पट्टी बदलायची. दुसरा, छाती उघडून हा पापुद्रा सोलून काढायचा. ऑपरेशन मोठं आहे. रक्त जातं. सोलताना फुप्फुसाला बारीक भोकं पडतात, ती नंतर भरून यावी लागतात. तुमचं वय चौपन्न. जिवाला धोका नाही असं मी म्हणणार नाही, आणि फुप्फुस पुरतं उघडेल अशी हमीही देणार नाही."

"उघडलं तर कामावर जाता येईल?"

"काय काम करता?"

बाईंनी सांगितलं. सर्जनबाईंच्या भुवया वर गेल्या. "फुंकायचं काम?"

"गालांनी," बाई म्हणाल्या, आणि पुढचं समजावून सांगायला त्यांना दम पुरला नाही.

घरी आल्यावर मिस्टरांनी आधी चहा केला. चहा पिऊन झाल्यावर कप विसळता विसळता, पाठमोरे राहूनच ते म्हणाले, "आहे तसं चाललंय ना."

"कुणाचं चाललंय?"

"आपलं."

"तुमचं चाललंय," बाई म्हणाल्या. "माझं बंद पडलंय."

"पण आहेस ना. छाती उघडायची म्हणजे काय चेष्टा आहे का? भोकाचं म्हणाल्या ना त्या, तर पट्टी मी बदलेन. मला काही जड नाही."

"मला आहे."

मिस्टरांनी कप पालथा घातला, पुसला, पुन्हा पालथा घातला. लेकीने फोनवरून वडिलांचीच री ओढली. शेजारीण येऊन बसली आणि आपल्या जावेच्या भावाला टेबलावर घेतलं ते तो उठलाच नाही, हे तिने अगदी तपशीलवार सांगितलं. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, कारण तोडीस तोड उत्तर द्यायला छातीत हवा नव्हती. मग त्या उठल्या आणि पिशवी भरायला लागल्या. दोन साड्या, टॉवेल, कंगवा, आणि तीस वर्षांच्या सवयीने रबरी नळी दाबून बंद करायचा पितळी चिमटा, जो त्यांच्या पर्समध्ये किल्ल्यांच्या बरोबरीने असायचा. मिस्टर बघत राहिले. मग त्यांनीही आपली पिशवी काढली.

रुग्णालयात मिस्टरांनी नातेवाइकाच्या रकान्यात सही केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कागद न वाचता केली.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. पाठीपासून कुशीपर्यंत छेद घेऊन दोन बरगड्या फाकवल्या आणि सर्जनबाई पापुद्रा सोलायला बसल्या. काही ठिकाणी तो संत्र्याच्या सालीसारखा सुटून आला, काही ठिकाणी नखभर नखभर खरवडावा लागला, आणि छातीच्या तळाशी, छाती आणि पोटामधल्या पडद्यापाशी, तर त्यांनी नुसत्या एका तळहाताएवढ्या जागेवर तास घालवला. घाईने ओढलं तर फुप्फुसच फाटतं. शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हवा भरली आणि चार महिने दबून पडलेलं फुप्फुस अडखळत, एकेक कोपरा सोडवत वर आलं. हे सगळं सर्जनबाईंनी नंतर तीन वाक्यांत सांगितलं. बाकीचं बाईंनी एकेक प्रश्न विचारून काढून घेतलं, कारण कारागिराने आपल्या अंगावर नेमकं काय काम केलं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर दुखणं असं होतं की बाईंनी तीन दिवस कुणाशी वाद घातला नाही. कुशीतून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या, त्यांची टोकं खाटेखाली ठेवलेल्या बाटल्यांतल्या पाण्यात बुडवलेली होती. चौथ्या दिवशी खालची नळी निघाली. वरची राहिली, आणि तिच्या बाटलीत बाईंच्या प्रत्येक श्वासाला बुडबुडे उठत होते. खोकला आला की पाणी खळखळायचं.

"फुप्फुसावरच्या भोकांतून हवा सुटतेय ती," वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं. "फुप्फुस पसरून छातीच्या भिंतीला टेकलं की भोकं बुजतात. बाटली उचलायची नाही, नळी दुमडायची नाही, आणि काळजी करायची नाही, मावशी."

बाईंना मावशी म्हटलेलं आवडलं नाही, पण त्याहून बुडबुडे आवडले नाहीत. पाण्यात बुडबुडा म्हणजे सांध्यात गळती. तळघरात जोडलेलं प्रत्येक भांडं त्या हौदात बुडवून, हवा देऊन बघायच्या, आणि बुडबुडा दिसला की काम परत. सहाव्या दिवशीही बुडबुडे तेवढेच होते, तेव्हा त्यांचा हात शिवशिवायला लागला. गळती नक्की कुठे, हे शोधायची त्यांच्याकडे पक्की रीत होती. नळी चिमट्याने दाबायची. बुडबुडे चालू राहिले तर गळती चिमट्याच्या अलीकडे, बाटलीच्या बाजूला, थांबले तर पलीकडे, छातीत. आणि एकदा गळती बंद करून ठेवली की सांधा निवांत बसतो, हेही अनुभवाचं होतं.

दुपारी भेटीच्या वेळेत मिस्टर शेजारी स्टुलावर वर्तमानपत्रातल्या चुकांना पेन्सिलीने खुणा करत बसले होते. बाईंनी पर्समधून पितळी चिमटा काढला, चादरीखाली हात घातला आणि कुशीलगत नळीवर तो लावला. बाटलीतलं पाणी निवळलं.

"अहो, बघा," बाई म्हणाल्या.

मिस्टरांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "थांबले की गं."

बाईंनी चिमट्याचं काही सांगितलं नाही. चादर सारखी केली आणि सहा दिवसांत पहिल्यांदा निवांत डोळे मिटले. अर्ध्या तासाने मिस्टरांनी मान वर केली तेव्हा बाईंच्या पापण्या सुजल्या होत्या आणि गळा फुगून खांद्यांना भिडला होता. त्या काही सांगू पाहत होत्या, पण आवाज चिरका आणि बारीक निघत होता. मिस्टरांनी त्यांच्या गळ्याला हात लावला तर कातड्याखाली मीठ चुरडल्यासारखं काहीतरी कुरकुरलं. मग त्या वॉर्डाने मिस्टरांचा आवाज ऐकला. ते "सिस्टर" एवढंच ओरडले, पण दुसऱ्या टोकाचे पेशंट उठून बसले.

सिस्टर धावत आली, तिने चादर ओढली, चिमटा पाहिला आणि उपटून काढला. बाटलीत पाणी उसळलं ते बराच वेळ उसळतच राहिलं.

संध्याकाळी सर्जनबाई आल्या. चिमटा त्यांच्या हातात होता.

"हे काय आहे?"

"चिमटा," बाई म्हणाल्या. आवाज अजून पोपटासारखा येत होता.

"भांड्याला गळती लागली तर तुम्ही बूच मारता. माणसाला बूच मारलं तर ती हवा जाणार कुठे? कातड्याखाली शिरली, गळ्यापर्यंत चढली. हृदयावर दाब आला असता. अजून थोडा वेळ गेला असता तर मी तुमच्याशी बोलत नसते."

वॉर्ड कान देऊन ऐकत होता. बाईंनी चादर वर ओढून घेतली. "चूक झाली," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण गळती आतच आहे, नळीच्या जोडात नाही, हे नक्की झालं."

सर्जनबाईंच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. पण त्या लगेच खाटेच्या कडेवर बसल्या, आणि सर्जन बसून बोलायला लागला की बातमी चांगली नसते. "आता नीट ऐका. फुप्फुस भिंतीपासून सुटलंय. ते पुन्हा टेकलं पाहिजे. आठ दिवस थांबते. टेकलं नाही तर ती पोकळी मोकळी ठेवता येत नाही, तिच्यात परत पू होणार. मग बरगड्या कापून छातीच आत बसवावी लागेल."

"मग दम?"

"जेवढा आहे तेवढाच. कायमचा."

मिस्टर भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. एवढं सोलून, सोसून, पुन्हा जिन्याच्या चौथ्या पायरीवर धापा टाकत उभं राहायचं असेल तर बाईंना ते मान्य नव्हतं. त्या घाबरल्या होत्या आणि घाबरल्याचा त्यांना राग आला होता. आठ दिवस पुरतील एवढा राग त्यांच्याकडे कायमचा साठवलेला असायचाच.

दुसऱ्या सकाळपासून व्यायाम घेणाऱ्या बाईने त्यांना प्लॅस्टिकचं एक खेळणं दिलं. तीन नळकांडी, तीन रंगीत गोळ्या, एक तोंडात धरायची नळी. गोळ्या वर गेल्या पाहिजेत, एवढं ऐकून बाईंनी नळी तोंडात धरली, फुंकून गोळ्या उचलता याव्यात म्हणून खेळणं उलटं केलं, गाल फुगवले आणि तिन्ही गोळ्या एका दमात उचलून अधांतरी धरून ठेवल्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने टाळ्या वाजवल्या.

"छान," व्यायामवाली म्हणाली, "आता हे सुलटं धरा आणि हवा आत ओढा. गालांनी नाही, छातीने."

बाईंनी ओढली. एकही गोळी हलली नाही. कुशीत मात्र अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

तीस वर्षं ज्या छातीला कामात घेतलं नाही म्हणून बाई टेंभा मिरवत होत्या, तिच्याकडूनच आता काम करून घ्यायचं होतं. त्यांनी व्यायामवालीला शिव्या घातल्या, मनातल्या मनात आणि मग थोड्या मोठ्याने. ती रोज येत राहिली. जखमेवर उशी दाबून धरायची, ओढायचं, थांबवायचं, खोकायचं. दर तासाला दहा वेळा सांगितलं होतं, बाई वीस वेळा करायच्या. बाटली गुडघ्याखाली धरून वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या घालायच्या. "मावशी, पुरे आता," सिस्टर म्हणाली तेव्हा त्यांनी तिला ऐकवलं की आठ दिवस मुदत दिलीय ती पडून राहायला दिलेली नाही. हे वाक्य त्यांनी न थांबता पुरं केलं, आणि ते पुरं झाल्याचं आधी सिस्टरच्या लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी पहिली गोळी हलली, चौथ्या दिवशी वर गेली. सहाव्या दिवशी बुडबुडे फक्त खोकताना येऊ लागले. सातव्या दिवशी खोकतानाही आले नाहीत. सर्जनबाईंनी आपल्या हाताने नळी बंद करून एक दिवस वाट पाहिली, फोटो काढला, आणि तो उजेडावर लावून बराच वेळ पाहत राहिल्या. उजवं फुप्फुस वर टेकलं होतं, कुशीला टेकलं होतं. तळाचा एक कोपरा तेवढा बोथट राहिला होता.

"तेवढा राहणार," त्या म्हणाल्या. "छाती दुखेल, सहा महिने, कदाचित वर्षभर. कुशीचा एक पट्टा बधिर राहील."

"आणि काम?"

सर्जनबाईंनी दाखल्याचा कागद ओढला. "दीड महिन्याने. गालांनी ना?"

"गालांनीच," बाई म्हणाल्या.

दीड महिना झाला त्या दिवशी बाई कामावर गेल्या. मिस्टरांनी छापखान्यातून सुट्टी घेतली होती. बाईंची पिशवी, पाण्याची बाटली आणि छातीचे सगळे फोटो असलेला मोठा लिफाफा घेऊन ते मागून चालत होते. बाई तळघराचा जिना उतरल्या आणि दारातच थबकल्या. बर्नर टेबलावरून काढून कोपऱ्यात ठेवला होता, त्याच्या नळ्या गुंडाळलेल्या होत्या. टेबलावर खोके होते. फुटकी काच मात्र होती तिथेच, उलट ढीग दुप्पट झाला होता.

बाईंनी पदर खोचला, खोके जमिनीवर ठेवायला सुरुवात केली. उजवा हात वर जाताना कुशीत ओढ बसत होती, म्हणून त्या डाव्या हाताने उचलत होत्या. मिस्टर मदतीला पुढे आले नाहीत. ते लिफाफा छातीशी धरून दारातच उभे होते, आणि बाईंना वाटलं की जिन्यामुळे दमले असतील. बर्नर जागेवर आला, नळ्या जोडल्या गेल्या, तोवर विभागप्रमुख खाली आले.

"बाई, आलात. छान, छान. पण हे काय चालवलंय? तुमची सोय आम्ही वरती केलीय. भांडारात. खुर्ची, पंखा, नोंदी ठेवायचं हलकं काम. हे फुंकण्याचं आता विसरा. तयार काच बाहेरून मागवू."

"कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं. "माझ्याकडे डॉक्टरांचा दाखला आहे. नेहमीचं काम करायला हरकत नाही म्हणून लिहिलंय."

"दाखल्याचं असू दे. तुमच्याच घरून अर्ज आलाय." त्यांनी हातातली फाइल उघडून पुढे धरली.

बाईंनी अक्षर ओळखलं. तेहेतीस वर्षं वाण्याच्या यादीत, लेकीच्या वह्यांच्या वेष्टनांवर, फोनशेजारच्या पाटीवर पाहिलेलं टपोरं, स्वच्छ अक्षर. कुठे खाडाखोड नाही. तारीख रुग्णालयातली होती, चिमट्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्या कुशीवर उशी दाबून पहिल्या गोळीशी झगडत होत्या तेव्हा हा माणूस बाहेरच्या बाकावर बसून त्यांचं टेबल देऊन टाकत होता. बाईंच्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि या वेळी त्याचं कारण फुप्फुस नव्हतं.

"साहेब, आता तुम्हीच समजवा यांना," विभागप्रमुख मिस्टरांना म्हणाले.

मिस्टर पुढे आले. त्यांनी लिफाफा टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि स्वतःचा अर्ज हातात घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला.

"यात एक चूक आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"इथे. 'पत्नीच्या संमतीने' असं लिहिलंय मी." त्यांनी त्या शब्दांवर बोट ठेवलं. "संमती नव्हती. तिला माहीतच नव्हतं. चुकीचा मजकूर आहे, मी परत घेतो."

"अहो, असं कसं? नोंद झालीय. व्यवस्था झालीय."

"नोंद चुकीच्या कागदाची झालीय," मिस्टर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण ते कागद सोडत नव्हते. "ती भांडारात बसणार नाही. डॉक्टरांचा दाखला आहे, तो लावा फाइलला. तुमची काच तिच्याशिवाय कोण जोडणार आहे, ते इथे दिसतंयच."

विभागप्रमुखांनी ढिगाकडे पाहिलं. ढिगात वरच त्यांच्या स्वतःच्या प्रयोगाचा हातभर लांब कंडेन्सर पडला होता, मधोमध मोडलेला, चार महिन्यांपासून तसाच. बाहेरून मागवलेला अजून आला नव्हता. "बघू, वरती बोलून बघतो," असं म्हणत ते जिना चढून गेले.

खोलीत दोघंच उरले. मिस्टरांनी अर्जाची चौपदरी घडी करून खिशात घातली.

"मी घाबरलो होतो," ते म्हणाले. "तुझा गळा सुजला होता ना, त्या दिवशी."

"मला विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं होतंत."

बाईंना मिस्टरांना अजून पुष्कळ बोलायचं होतं, आणि त्या बोलणार होत्या, घरी गेल्यावर, एकही वाक्य मध्ये न तोडता. त्यांनी गॅस सुरू केला, ज्योत पेटवली आणि ती निळी, टोकदार होईपर्यंत चाव्या फिरवत राहिल्या. मग कंडेन्सरचे दोन्ही तुकडे उचलले. दुसरं टोक बंद असल्याशिवाय आत हवेचा दाब धरत नाही, पण त्याला लागेल असं बूच खोक्यांच्या त्या गोंधळात कुठेच सापडेना.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "या टोकावर बोट ठेवा. इथवर गरम होत नाही. घट्ट दाबून धरा आणि मी फिरवेन तसे बरोबर फिरा."

मिस्टरांनी बोट ठेवलं. बाईंनी रबरी नळी दातांत धरली. दोन्ही तुकड्यांच्या कडा लाल झाल्या, मऊ झाल्या, एकमेकींना भिडल्या. बाईंनी नाकाने श्वास घेतला, तो उजव्या बाजूला खोलवर दुखत दुखत गेला, आणि गाल भरले. खचत चाललेला सांधा हळूहळू वर आला, गोल झाला. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं तर मिस्टर सांध्याकडे बघतच नव्हते. आपल्या बोटाकडे बघत होते.

बाईंनी नळी ओठांच्या कोपऱ्यात सरकवली. "काय झालं? भाजलं?"

"नाही," मिस्टर म्हणाले. "तुझा दाब लागतोय बोटाला."

"लागणारच," बाई म्हणाल्या. "हलू नका."